हाताला काम, कामाला दाम

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास दिसते. कुठल्याशा मनोरुग्णालयातल्या रुग्णांनी पणत्या रंगवल्या, आकाशकंदील केले, त्यांचं प्रदर्शन भरलं, लोकांनी हौसेनं खरेदी केली. सोबत फोटो असतो. टेबलावर ओळीनं मांडलेल्या पणत्या आणि मागे उभे असलेले पाहुणे. बातमी वाचून बरं वाटतं आणि वाटायलाही हवं, कारण त्या टेबलापर्यंत पोचायला कुणाला तरी महिनोन्‌महिने लागलेले असतात. पण दोन गोष्टी त्या बातमीत जवळजवळ कधीच नसतात. पणती रंगवणाऱ्या माणसाच्या हाती त्यातले किती पैसे पडले? आणि पुढच्या दिवाळीला तो माणूस कुठे असेल, वॉर्डात की वॉर्डाबाहेर?

मनोरुग्णालयातल्या कामाविषयी आपल्याकडे कौतुकानं बोललं जातं. या दोन प्रश्नांवर बोलणं फार कमी होतं. माझ्या मते या विषयात जे काही महत्त्वाचं आहे, ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच आहे.

महाराष्ट्रात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. नागपूरचं १८६४ मधलं, रत्नागिरीचं १८८६ मधलं, ठाण्याचं १९०१ मधलं आणि येरवड्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मंजूर खाटांची संख्या वर्षानुवर्षं सांगितली जाते ती अशी : येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. म्हणजे साडेपाच हजारांवर माणसांची सोय. यांतले बरेच जण काही आठवड्यांत उपचार घेऊन घरी जातात. काही मात्र जात नाहीत. त्यांचं तारुण्य तिथे सरतं, केस तिथेच पिकतात. कामातून उपचार करणाऱ्या व्यवसायोपचार विभागाची खरी कसोटी या दुसऱ्या गटापाशी लागते.

हा विभाग साधारण कसा असतो? सकाळची औषधं आणि नाश्ता आटोपला की परिचरांबरोबर माणसं वॉर्डातून निघतात. एका खोलीत हातमाग, सतरंज्यांचे ताणे. दुसऱ्या खोलीत शिलाई मशिनं. कुठे कागदी पिशव्या आणि पाकिटं, कुठे मेणबत्त्या, खडू, फिनाईल. सुतारकामाचा एखादा कोपरा. आवारात भाजीचे वाफे आणि फुलझाडं. जागा कमी, शिकवणारे त्याहून कमी, म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांना तिथे येता येत नाही. जे येतात त्यांतही सगळे काम करत नाहीत. काही जण नुसते बसून असतात. बाहेरून आलेल्याला ते बसणं आळस वाटतं. तज्ज्ञाला त्या बसण्यात पुष्कळ काही दिसत असतं.

स्किझोफ्रेनियाची जी लक्षणं सिनेमात दिसतात, म्हणजे कानात आवाज येणं, कुणी आपल्या मागावर आहे असं वाटणं, त्यांच्यावर गोळ्यांचा बऱ्यापैकी परिणाम होतो. त्यामागे दडलेली दुसरी लक्षणं असतात, ती गोळ्यांना सहसा दाद देत नाहीत. इच्छाच आटते. उठावं, आंघोळ करावी, कुणाशी बोलावं, सुरू केलेलं पुरं करावं, यातलं काहीच आतून येत नाही. लक्ष टिकत नाही, दोन सूचना एका वेळी डोक्यात राहत नाहीत. घरचे म्हणतात, ‘आता चांगला बरा झालाय, पण हात हलवत नाही.’ व्यवसायोपचार तज्ज्ञाचं काम नेमकं इथे सुरू होतं.

तज्ज्ञ काम हाती देण्याआधी त्याचे तुकडे पाडतो. समजा पाकीट चिकटवायचं आहे. त्यात कागदाची बाजू ओळखणं आहे, खुणेवर घडी घालणं आहे, खळ बेताची लावणं आहे, वाळेपर्यंत थांबणं आहे आणि मग पुढचा कागद घेणं आहे. एखाद्याचं गाडं थांबण्यापाशी अडतं, एखाद्याचं पुढचा कागद उचलण्यापाशी. जिथे अडतं तिथेच मदत द्यायची, बाकीचं त्याच्या हातानं होऊ द्यायचं. आज दहा मिनिटं बसला, पुढच्या आठवड्यात वीस. मग शेजारी दुसरा माणूस बसवायचा आणि खळीची वाटी एकच ठेवायची, म्हणजे मागावी लागेल, बोलावं लागेल. पाकीट हे या सगळ्याचं निमित्त. ते वाकडं चिकटलं तरी उपचार झालेला असतो. ज्या विभागात पाकिटांची संख्या मोजली जाते आणि माणूस किती वेळ बसला हे मोजलं जात नाही, तिथे उपचाराचं नाव राहतं आणि चालतो तो कारखाना.

गोळ्यांचाही हिशेब याच टेबलावर मांडावा लागतो. काही औषधांनी हात थरथरतात. अशा माणसाला सुईत दोरा ओवायला देणं म्हणजे त्याला अपयश हातात देणं. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हानं लवकर भाजते, म्हणून बागकामाची वेळ सकाळची हवी, डोक्याला टोपी हवी. लिथियम घेणाऱ्या माणसाला भर उन्हात किंवा भट्टीपाशी घाम गळेपर्यंत राबवलं आणि पाणी कमी पडलं, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतं. क्लोझापिनवरच्या माणसाला सकाळी जाग उशिरा येते, गुंगी रेंगाळते. त्याला करवतीसमोर उभं करायचं नसतं. ‘काहीतरी काम द्या म्हणजे मन रमेल’ इतकं हे सोपं नाही. त्यामागे शास्त्र आहे, आणि ते जाणणारी माणसं आपल्या मनोरुग्णालयांत फार थोडी आहेत.

काहीच न करणं किती घातक असतं याचा एक भक्कम पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राऊन या दोघांनी १९६० पासून आठ वर्षं तीन मनोरुग्णालयांतल्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि दीर्घकाळ तिथे राहिलेल्या स्त्रियांचा मागोवा घेतला. रुग्णाजवळ स्वतःच्या वस्तू किती, बाहेरच्या जगाशी संबंध किती, परिचारिकांचा तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन काय, ती दिवसाचे किती तास काहीही न करता काढते, असं सगळं त्यांनी मोजलं. १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ज्या स्त्रिया सुधारल्या त्यांच्या सुधारणेशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती रिकाम्या तासांत झालेली घट. आजारामुळे माणूस निष्क्रिय होतो हे खरं. पण त्या निष्क्रियतेतला मोठा वाटा आजाराचा नसून वॉर्डाचा असतो, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. उंच भिंतीकडे तोंड करून दुपार काढणाऱ्या माणसाला तिथे आजारानं एकट्यानं बसवलेलं नसतं.

म्हणजे काम हवंच. पण कुणासाठी? या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे सुखद नाही.

वसाहतकाळातल्या वेड्यांच्या इस्पितळांत हिंदी रुग्णांकडून काम करून घेण्याची पद्धत चांगलीच रुजली होती. शेती, विणकाम, दळण, स्वयंपाक. संस्थेचा खर्च त्यातून भागवणं हा उघड हेतू असे. शिस्त आणि उपचार हे त्याला दिलेलं रूप. गोऱ्या रुग्णांसाठी वेगळी सोय, वेगळे नियम. पुढे रांचीला चित्र थोडं पालटलं. तिथल्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला व्यवसायोपचार रीतसर सुरू केला. शेजारीच १९२५ मध्ये हिंदी रुग्णांसाठी मोठं मनोरुग्णालय उघडलं, त्याचे अधीक्षक जाल एदलजी धनजीभाय हे मुंबईचे पारशी डॉक्टर. युरोपात-अमेरिकेत चालणाऱ्या नव्या पद्धतींवर त्यांचं लक्ष असे आणि हिंदी रुग्णांनाही त्या मिळाल्या पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. रांची मात्र अपवाद होती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या १९४६ च्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक इमारती माणसं कोंडून ठेवण्याच्या हिशेबानं बांधलेल्या आहेत, उपचाराचा विचार त्यांत नाही, असंच त्यांना सांगावं लागलं.

व्यवसायोपचाराला शिक्षणाची बैठक मिळाली ती मुंबईत, आणि तीही एका विलक्षण बाईमुळे. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकेतल्या क्वेकर घरातली मुलगी. विष्णू निंबकरांशी लग्न करून ती भारतात आली आणि कमला निंबकर झाली. चाळिशी उलटल्यावर अमेरिकेला परत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. आशियातली ही पहिली. दोन वर्षांत अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९५२ मध्येच व्यवसायोपचार तज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. नुकता स्वतंत्र झालेला, डोक्यावर शेकडो अडचणी असलेला देश! फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचं नाव शिक्षणाच्या वर्तुळात माहीत आहे. मुंबईतलं हे त्यांचं काम मात्र मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. पुढे या शाखेतले बहुतेक पदवीधर हाडांच्या, मेंदूच्या, लहान मुलांच्या उपचारांकडे वळले. मनोरुग्णालयांच्या वाट्याला थोडे आले. पगार, बढती, प्रतिष्ठा कशाचंच आकर्षण तिथे नव्हतं, आणि आजही परिस्थिती फार वेगळी नाही.

आता दामाकडे येऊ.

रुग्णानं वॉर्ड झाडला, दुसऱ्या रुग्णाला आंघोळ घातली, स्वयंपाकघरात भाजी चिरली, धुण्याचे गठ्ठे वाहिले. हा उपचार की मोलमजुरी? अमेरिकेत हा प्रश्न १९७३ मध्ये न्यायालयात गेला. साउडर विरुद्ध ब्रेनन या खटल्यात निकाल लागला की, ज्या कामाचा आर्थिक फायदा संस्थेला होतो, त्या कामाला किमान वेतनाचा कायदा लागू आहे, काम करणारा रुग्ण असला तरी. निकाल न्याय्यच होता. परिणाम मात्र वेगळाच झाला. वेतन देण्यापेक्षा अनेक संस्थांनी रुग्णांना काम देणंच बंद केलं. शोषण थांबलं, त्याबरोबर हातही रिकामे झाले.

त्याच सुमारास इटलीतल्या त्रिएस्ते शहरात दुसरी वाट काढली गेली. फ्रँको बासाल्या १९७१ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाचे संचालक झाले. सफाई, स्वयंपाकघर, धुणं अशी कामं रुग्ण ‘उपचार’ म्हणून नाममात्र पैशांवर करत होते. बासाल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची सहकारी संस्था काढली आणि रुग्णालयानं त्या संस्थेशी रीतसर करार केला. काम तेच राहिलं, झाडूही तोच राहिला. बदललं ते इतकंच की आता करार होता, ठरलेलं वेतन होतं आणि माणूस कामगार होता. १९७८ मध्ये इटलीनं मनोरुग्णालयं बंद करण्याचा कायदा केला. १९९१ च्या सहकारविषयक कायद्यानं सामाजिक सहकारी संस्थांचा एक प्रकारच ठरवून दिला. त्यात निदान ३० टक्के कामगार आजार, अपंगत्व, तुरुंगवास अशा कारणांनी बाजूला पडलेल्यांपैकी असावे लागतात. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रानं यातून काही घ्यावं असं मला फार वाटतं. दूध, साखर, सूत, पतपेढ्या सगळ्यांच्या संस्था आपण काढल्या. रुग्णालयाबाहेर पडलेल्या माणसांच्या सहकारी संस्थेला मात्र आपल्या सहकारात अजून जागा मिळालेली नाही.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २० मध्ये रुग्णाच्या हक्कांची यादी आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, मानसिक आरोग्य संस्थेत कुणावरही काम करण्याची सक्ती करता येणार नाही आणि जे काम केलं जाईल त्याचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. समाजात परत राहता यावं यासाठी पुरेशी तयारी करून घेणं, हाही त्याच यादीतला हक्क. म्हणजे पणतीचे पैसे हा संस्थेच्या औदार्याचा विषय राहिलेला नाही. ते त्या माणसाचे आहेत, आणि त्याचा हिशेब त्याला समजेल अशा रीतीनं त्याच्यासमोर मांडला गेला पाहिजे. त्याच्या नावावर बँकेत खातं हवं. आधार कार्ड नाही, पत्ता नाही, म्हणून खातं नाही, हे उत्तर पहिल्या महिन्यात चालेल. वर्षानुवर्षं चालता कामा नये.

पैसा हातात येण्याचा अर्थ फक्त क्रयशक्ती एवढाच नाही. मनोरुग्णालयात कपडे मिळतात, जेवण मिळतं, तेल-साबण मिळतो. निवड करायला काही उरत नाही. स्वतःच्या पैशानं चहाबरोबर बिस्किटं घ्यायची की भावाला फोन करायचा, हे ठरवताना मेंदूचा जो भाग वापरावा लागतो, तो वॉर्डात कित्येक वर्षं वापरलेलाच नसतो. पैसे मोजणं, राखणं, चुकीचे खर्च होऊ देणं आणि त्यातून शिकणं हे सगळं पुनर्वसनच आहे. ‘त्यांना पैसे देऊन काय करणार, हरवतील’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा बाहेर गेल्यावर त्या माणसानं काय करावं अशी अपेक्षा असते?

दुसरा प्रश्न पुढच्या दिवाळीचा, आणि तो अधिक कठीण आहे.

आपल्या विभागांत शिकवले जाणारे बहुतेक उद्योग ज्या काळात सुरू झाले त्या काळात त्यांना बाहेर बाजार होता. आज सोलापूरची चादर यंत्रमागावर निघते, आणि ते यंत्रमागही अडचणीत आहेत. हातमागावर सतरंजी विणायला शिकलेला माणूस सोलापूरला परतला तर त्यानं कुठल्या मागावर बसायचं? खडू करायला शिकलेल्यानं कुठल्या शाळेत जायचं? विणकामानं लक्ष एकाग्र होतं, हात-डोळ्यांचा मेळ बसतो, लय मिळते. उपचार म्हणून त्याची किंमत पुरेपूर आहे. पण त्यालाच व्यावसायिक पुनर्वसन म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. त्यात स्त्री-पुरुषांची जुनी वाटणी तशीच चालू राहते. बायकांना शिवण, स्वयंपाक, राख्या आणि पणत्या. पुरुषांना सुतारकाम आणि बाग. हिशेब लिहिणारी, दुकान सांभाळलेली, शिक्षिका असलेली बाई वॉर्डात आली तरी तिच्यापुढे येते ती सुईच. आजारापूर्वी ही व्यक्ती काय करत होती, हा प्रश्न केसपेपराच्या पहिल्याच पानावर विचारलेला असतो. त्या उत्तराचा पुढे कुणी उपयोग करत नाही.

‘आधी शिकवा, तयार झाला की काम शोधा’ ही रीत जगभर होती. माणूस संरक्षित कार्यशाळेत बसे, तयार होत राही, आणि तयार झाला असं कधी कुणी म्हणतच नसे. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात हा क्रम उलटा केला. ज्याला काम करायचं आहे त्याला थेट बाजारातलं, पगाराचं खरं काम शोधून द्यायचं, त्याच्या आवडीचं, लवकरात लवकर. आणि प्रशिक्षण, आधार, मध्यस्थी हे सगळं काम सुरू झाल्यावर, लागेल तितके दिवस पुरवायचं. ‘अजून पुरता बरा नाही’ म्हणून कुणाला वगळायचं नाही. लोकांना हे धाडस वाटलं. मग लंडन, रिमिनी, झुरिक, सोफिया अशा सहा युरोपीय केंद्रांत ३१२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निकाल २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नव्या पद्धतीच्या गटातल्या ५५ टक्के लोकांना निदान एक दिवस तरी खरं काम मिळालं, जुन्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना. कामाच्या ताणानं आजार उसळेल ही भीती होती. प्रत्यक्षात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण थेट काम दिलेल्या गटात कमी निघालं, २० टक्के. दुसऱ्या गटात ३१ टक्के.

‘एक दिवस तरी’ ही कसोटी फार मोठी नाही, हे मला कळतं. युरोपातली नोकरी आणि आपल्याकडची असंघटित मजुरी यांत अंतर आहे, हेही खरं. तरी जो धडा आहे तो स्पष्ट आहे. काम शिकण्याची सर्वांत चांगली जागा कामाची जागाच असते, आणि ती रुग्णालयाच्या फाटकाबाहेर असते.

भारतात या दिशेनं काहीच झालेलं नाही असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बेकरी आहे, आणि रुग्णांचा सहभाग असलेला कॅफेही आहे. तिथे समोर खरा ग्राहक उभा असतो, बिल करावं लागतं, सुटे द्यावे लागतात, कुणी चिडलं तर ऐकून घ्यावं लागतं. कोलकात्याच्या पावलोव्ह मनोरुग्णालयात ‘अंजली’ या संस्थेनं ‘चा घर’ नावाचं उपाहारगृह आणि ‘धोबी घर’ नावाची धुलाई सुरू केली. तिथे रुग्ण मोबदला घेऊन काम करतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेनं उभं राहिलं. कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या या मराठी माणसाला पत्नीच्या आजारामुळे हा विषय घरातूनच कळला होता. ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच पाठबळानं झाला. त्या चित्रपटानं मराठी घरांत या आजाराचं नाव उच्चारायला सोपं केलं, हे त्याचं मोठं काम.

चेन्नईच्या ‘द बॅनियन’नं वेगळा मार्ग धरला. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणींना गावात किंवा शहरात भाड्याचं घर घेऊन द्यायचं, सोबतीला मदतनीस ठेवायची, आणि बाजारहाट, स्वयंपाक, शेजार, मजुरी हे सगळं तिथूनच सुरू होऊ द्यायचं. महाराष्ट्रात टाटा ट्रस्ट्‌सनी राज्य सरकारबरोबर नागपूरच्या मनोरुग्णालयात ‘उडान’ हा प्रकल्प हाती घेतला. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून रस्त्यावर सापडलेली हजारो माणसं उपचार घेऊन देशभर आपापल्या गावी पोचवली गेली आहेत. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. शेतकरी घरात परतलेल्या अशा माणसाला नोकरी शोधावी लागत नाही. शेळ्या असतात, वैरण असते, पाणी भरायचं असतं. वेग कमी असला तरी चालतं, एक दिवस नाही जमलं तरी कुणी काढून टाकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा जो अभ्यास केला, त्यात आग्र्याचं केंद्र होतं. भारतासारख्या देशांत रुग्ण अधिक प्रमाणात सावरतात असं त्यात दिसलं. पुढे त्या निष्कर्षावर वाद झाले, आणि घरात साखळीनं बांधलेली माणसं पाहिलेल्यांना ते पटणंही अवघडच होतं. पण घरच्या कामात सावकाश सामील होण्याची जागा हे त्यामागचं एक कारण असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मलाही ते पटतं. शेती आकसली, दोन खोल्यांचं शहरी घर आलं, सगळेच सकाळी आठला कामावर निघाले, की ती जागा उरत नाही. मग ती मुद्दाम तयार करावी लागते.

घरच नसेल तर? मनोरुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना हा प्रश्न रोजचा. डॉक्टरांनी ‘घरी पाठवण्यास योग्य’ लिहिलेलं असतं, पत्र जातं, उत्तर येत नाही. दिलेला पत्ता खोटा निघतो, नाहीतर घर विकलेलं असतं. वहिनी म्हणते, मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण माहेर आणि सासर दोन्हीकडे तिची जागा दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते. मी या घरच्यांना सरसकट दोष देणार नाही. आजाराच्या तीव्र काळात त्यांनी काय सोसलं ते बाहेरच्याला कळत नाही, आणि त्या काळात त्यांच्या मदतीला कुणी गेलेलंही नसतं. पण २०१७ च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही. बाहेरची सोय करणं सरकारचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयानं गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत हीच गोष्ट वारंवार बजावली. जुलै २०२१ मध्ये त्याच प्रकरणात महाराष्ट्राला ऐकवावं लागलं की मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, ते थांबवा. मुंबई उच्च न्यायालयात डॉ. हरीश शेट्टी यांनी केलेल्या जनहित याचिकेमुळे राज्यातल्या चारही मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांचा आढावा घेणं भाग पडलं.

न्यायालय आदेश देऊ शकतं. सकाळी साडेनऊला कामावर पोचण्याची सवय न्यायालयाला लावता येत नाही. ती लावायची तर वॉर्ड आणि घर यांच्या मधली पायरी हवी, म्हणजे अर्धवाट निवास, गटानं राहण्याची घरं, आणि तिथून चालत किंवा बसनं जाता येईल असं काम. ही घरं आपल्याकडे गरजेच्या मानानं नगण्य आहेत. व्यवसायोपचार विभागाला आज सर्वांत जास्त कशाची गरज असेल तर ती नव्या शिलाई मशिनची नाही. फाटकाबाहेर जाऊन गॅरेजवाला, खानावळीची मालकीण, रोपवाटिका, छपाईचं दुकान, हाउसिंग सोसायटीचा सचिव यांच्याशी बोलणाऱ्या आणि पुढची दोन वर्षं त्यांचे फोन उचलणाऱ्या माणसाची आहे. असं पद निर्माण करायला फार पैसे लागत नाहीत.

कामाची आणखी एक वाट कायद्यानं दिली आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. ते ठरवताना स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाजू तपासल्या जातात. अनेक घरं हे प्रमाणपत्र काढायला कचरतात. शिक्का बसेल ही भीती. ती भीती खोटी नाही, पण प्रमाणपत्र घरात कपाटात राहतं आणि गरज असेल तेव्हाच बाहेर काढता येतं, हे त्यांना कुणीतरी बसून सांगायला हवं.

आणि ज्यांच्या हातात दोन-चार माणसांना काम देणं आहे, अशा वाचकांसाठी थोडं. मानसिक आजार असलेल्या माणसाला कामावर घेताना लागणाऱ्या सवलती अगदी साध्या असतात. कामाची वेळ सकाळी आठऐवजी दहा किंवा अकराची ठेवा, कारण रात्रीच्या गोळीची गुंगी तोवर उतरते. सूचना एका वेळी एकच द्या, शक्यतो लिहून. सुरुवातीला चार तास पुरेत. तहान जास्त लागते, पाणी जवळ असू द्या. महिन्यातून एक दिवस ओपीडीसाठी सुटी द्या आणि ती पगारातून कापू नका. आजाराविषयी दुकानातल्या बाकीच्यांना सांगायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. सलग तीन-चार रात्री झोप नाही, बोलणं अचानक वाढलं किंवा तुटलं, असं दिसलं तर ओरडू नका, घरी किंवा समाजसेवा अधीक्षकांना फोन करा. त्यांचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि पगार इतरांना देता तितकाच, त्याच तारखेला, त्याच्या हातात द्या.